घरच्या घरी मऊ पाव
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग आहे. चिटणीसबाईंनी मला सांगितले, "यंदा तुम्ही पावावर बोला." तेव्हा मला हसूच आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारात रमलेली बाई. माझ्याआधी ह्याच जागेवरून डॉक्टरीणबाई बोलल्या, शाळेच्या बाई बोलल्या. त्यांच्या पंगतीत मी पाव घेऊन काय बसणार! परंतु चिटणीसबाईंनी ऐकले नाही. म्हणाल्या, "तुमचा पाव आम्ही खातो, आता तो होतो कसा तेही ऐकू द्या." तेव्हा जसे घडले तसे सांगते. बोलण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्या.

आपल्या शहाडला पावाची काही वाण नाही. सकाळी पाववाल्याची सायकल दारावरून जाते, स्टेशनाबाहेर वडापावच्या गाड्या लागतात. भाकरी, चपाती, थालीपीठ, आंबोळी हे सारे आपल्या चुलीवरचे. पाव मात्र नेहमी दारावर आलेला. त्यासाठी मोठी भट्टी लागते, तो आपल्या हातचा नव्हे, अशीच आपली समजूत. माझीही होती.

आमच्या सासूबाईंची समजूत तर त्याहून कडक. त्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्या माहेरी पाव घरात येत नसे. "पायांनी तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात," असे त्यांना लहानपणी सांगितलेले. शिवाय वसईकडची ती विहिरीची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. फिरंगी लोक विहिरीत पाव टाकीत आणि ते पाणी प्यालेला सारा गाव बाटला असे धरीत, अशी ती गोष्ट. ती कितपत खरी ते मी सांगणार नाही, पण तिच्यामुळे पावाविषयी एक अढी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिली हे खरे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या हाती होती. चिमाजी अप्पांनी ती घेतली हे आपण शाळेत शिकलो. त्या पोर्तुगीज लोकांच्या भाषेत ह्या पदार्थाला 'पांव' असे म्हणतात, तोच आपला पाव. पायाशी त्याचा काही संबंध नाही, आणि पावशेरातल्या पावाशीही नाही.

गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजच. युरोपातले किण्व तिथे मिळेना, तेव्हा गोव्याच्या पोदेरांनी माडाची सूर घालून पीठ फुगवले. उंडे, पोळी, कात्र्याचे पाव, काकणे असे किती तरी प्रकार त्यांनी केले. पुढे गोव्याची माणसे मुंबईत आली, त्यांच्याबरोबर त्यांचे पाव आले. मग इराण्यांच्या बेकऱ्या आल्या. त्यांचा ब्रून-मस्का आणि चहा मुंबईकरांच्या जिभेवर बसला. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकावयास सुरुवात केली असे सांगतात, आणि तेव्हापासून पाव हे गिरणीकामगारापासून शाळेच्या पोरापर्यंत सर्वांचे पोट भरणारे अन्न झाले. रुळांपलीकडच्या उल्हासनगरात पाहा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे इथल्या लष्करी छावणीत राहिली, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्या घरी पावाला 'डबल' म्हणतात आणि शिळ्या पावाची कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात शिजवून सुंदर 'सेयल डबल' करतात. मला ती आमच्या शेजारच्या सिंधी भाभींनी शिकवली. ह्या भाभी माझ्या गोष्टीत पुढे येणारच आहेत.

आता माझी गोष्ट. २०२० सालचा मार्च महिना आपण कोणी विसरणार नाही. पंचवीस तारखेपासून सगळे बंद झाले. लोकल बंद, दुकाने दोन तास उघडी, रस्त्यात चिटपाखरू नाही. आमचे हे एका लहान कारखान्यात कामाला. तो बंद पडला. पहिल्या महिन्याचा अर्धा पगार आला, पुढे तोही येईना. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि नववीतून दहावीत गेलेली लेक. तांदूळ-डाळ होती, त्यामुळे उपाशी कोणी राहिले नाही. पण हात आखडून चालावे लागे. डबा उघडताना आत किती उरले आहे ते आधी पाहावे, मग हात घालावा, असे ते दिवस.

एप्रिलच्या शेवटी लेकीचा वाढदिवस आला. तिने काही मागितले नाही, एवढेच म्हणाली, "आई, पावभाजी करशील?" भाजी करता आली असती. पण पाव कुठून आणावा? पाववाल्याची सायकल महिनाभर आली नव्हती. लेकीने मोबाईलवर शोधले आणि म्हणाली, "लोक घरी पाव करतात, आपण करू." मैदा एक किलो होता. यीस्ट दुकानात औषधालाही मिळत नव्हते. तेव्हा साऱ्या जगातच लोक घरी पाव भाजू लागले होते आणि यीस्ट मिळेनासे झाले होते. सिंधी भाभींकडे डब्यात थोडे होते, त्यांनी कागदाच्या पुडीत चार लहान चमचे मला दिले. "संभालके वापरना," म्हणाल्या.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी मी पहिला प्रयत्न केला. मोबाईलवरची बाई इंग्रजीत बोलत होती. लेक म्हणाली, "दूध गरम घ्यायला सांगतेय." मी दूध उकळून उतरवले आणि वाफा निघत असताना त्यात एक चमचा यीस्ट घातले. पीठ मळले, झाकून ठेवले. दोन तास झाले, तीन झाले, गोळा होता तिथेच. तसाच भाजला. दगडासारखे चार गोळे झाले. सासूबाई पाट टाकून पाहत बसल्या होत्या. त्यांनी त्या पिठाला आधीच बोट लावून पाहिले होते आणि म्हणाल्या होत्या, "अगो, पीठ मेलंय हे. यात जीव नाही." मला राग आला. ज्यांनी जन्मात पावाला हात लावला नाही त्यांनी मला सांगावे!

दुसऱ्या दिवशी पुन्हा केले. ह्या वेळी दूध गार घेतले. सकाळी सातला पीठ मळून ठेवले, आणि काल फुगले नाही म्हणून आज भरपूर वेळ द्यावा असे मनाशी ठरवले. अकरा वाजता झाकण काढले तर पीठ फुगून, परातीबाहेर येऊन, पुन्हा खाली बसले होते. आंबट दारूसारखा वास सुटला होता. हाताला चिकटून तार येई. अर्ध्याहून जास्त मैदा संपला. लेक रडवेली झाली आणि बोलून गेली, "आई, तुला इंग्रजी कळत नाही तर कशाला हा खटाटोप करायचा?"

मैत्रिणींनो, मुले बोलतात, त्यांच्या मनात काही नसते. पण तो शब्द मला लागला. मी काही बोलले नाही, परात खरवडत राहिले. घरात पैशाची ओढ असताना अर्धा किलोच्या वर मैदा मी वाया घालवला होता, तेही सातवी शिकलेल्या बाईने मोबाईल पाहून काही तरी करावयाच्या हौसेने. वडिलांनी शाळा सोडावयास लावली त्या दिवसाची मला आठवण झाली.

दुपारी सासूबाई जवळ येऊन बसल्या. "ती पुडी बघू," म्हणाल्या. त्यांनी यीस्टचा वास घेतला आणि म्हणाल्या, "माडीचा वास आहे हा. आंबवण आहे हे." मी म्हटले, "हो, सासूबाई, ह्याने पीठ फुगतं." त्यावर त्या म्हणाल्या, "मग हे आंबोळीच्या पिठासारखं वागव की. काल तू उकळतं दूध ओतलंस. आंबवणावर उकळतं ओतलं तर ते जगेल का? आज चार तास ठेवलंस. वैशाख लागलाय. वैशाखात आंबोळीचं पीठ आम्ही निजताना भिजवायचो, माघात दुपारी भिजवून वर घोंगडी घालायचो. घड्याळ नव्हतं आमच्याकडे. पीठ बघायचं." मी विचारले, "मग दूध किती गरम घ्यायचं?" तर म्हणाल्या, "तुझ्या लेकीला न्हाऊ घालायचे तेव्हा कोपर बुडवून पाहायचे ना? तेवढं."

मी थक्क झाले. पावाला न शिवणाऱ्या माझ्या सासूने पावाची सारी विद्या दोन वाक्यांत सांगितली होती. पुडीत दोनच चमचे उरले होते आणि डब्यात थोडाच मैदा. वाढदिवसाच्या सकाळी कोपर बुडवून दूध पाहिले, पीठ मळले आणि घड्याळाकडे न पाहता पिठाकडे पाहत बसले. तासाभरातच ते दुप्पट झाले. जाड पातेल्यात भाजले. वरून पांढुरकेच राहिले, पण मोडले तर आतून कापसासारखे. लेकीने पहिला घास घेतला आणि माझ्या गळ्यात पडली. झाल्या बोलण्याविषयी ती काही म्हणाली नाही, मीही म्हटले नाही.

नंतर मी ह्याचे कारण समजून घेतले. शाळेच्या बाईंना विचारले, वाचनालयातून पुस्तक आणून वाचले. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, एकेका पेशीची बुरशी. ती जिवंत असते. कोरड्या दाण्यात झोपलेली असते इतकेच. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले की आंबणे हे जिवंत जीवांचेच काम आहे. ही बुरशी पिठातली साखर खाते आणि वायू व थोडा मद्यार्क सोडते. म्हणून सासूबाईंना माडीचा वास आला. आपल्या इडली-आंबोळीत मुख्यतः जिवाणू काम करतात, पावात यीस्ट. परंतु दोघांचा स्वभाव एकच. ऊब हवी, खाणे हवे, आणि भाजून निघेल इतका चटका नको. साधारण ५५ ते ६० अंश उष्णतेला यीस्ट मरते. कोमट दूध ३५-४० अंशांचे असते. कोपराला जे उबदार लागते ते एवढेच.

आणि मैद्याचे काम कोणते? मैदा पाण्याने भिजवून मळला की त्यात चिवट धाग्यांचे जाळे तयार होते. यीस्टने सोडलेला वायू ह्या जाळ्यात फुग्यासारखा अडकतो. म्हणून मळणे कमी झाले की पाव बसका. तांदळाला किंवा ज्वारीला हे जाळे नाही, म्हणून त्यांचा असा पाव होत नाही. लोणी आणि दूध ह्या धाग्यांना मऊपणा देतात.

आता कृती सांगते. ज्यांनी वही-पेन्सिल आणली आहे त्यांनी लिहून घ्यावे.

सोळा पावांसाठी अर्धा किलो मैदा, ३०० मिलिलिटर कोमट दूध आणि लागलेच तर वर दोन-तीन मोठे चमचे, साखर दोन मोठे चमचे, मीठ दीड लहान चमचा, कोरडे यीस्ट दोन सपाट लहान चमचे म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, आणि लोणी ५० ग्रॅम. वरून लावावयास आणखी थोडे लोणी. विकतचे खारे लोणी असेल तर मीठ एकच चमचा घ्यावे. घरचे लोणी उत्तम, पण चांगले धुऊन ताक काढलेले असावे.

पहिले काम यीस्ट जिवंत आहे की नाही हे पाहणे. अर्धी वाटी कोमट दुधात चमचाभर साखर व यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. वर फेस आला तर पुढे जावे. फेस नाही आला तर ते दूध टाकून द्यावे, मैद्याला हात लावू नये. चमचाभर यीस्ट गेले तर जाऊ दे, अर्धा किलो मैदा तरी वाचतो. मी ही गोष्ट आधी केली असती तर माझा पहिला घाणा वाचला असता.

मग परातीत मैदा व मीठ एकत्र करावे, यीस्टचे दूध व उरलेले दूध-साखर घालून मळावे. सुरुवातीला पीठ हाताला फार चिकटते. इथे बहुतेकजणी घाबरतात आणि वरून मैदा घालतात. तसे करू नका. पुरीचे पीठ घट्ट असते, पावाचे सैल हवे. पाच मिनिटे मळले की ते आपोआप गोळा होऊ लागते. तेव्हा मऊ लोणी थोडे थोडे घालून आणखी सहा-सात मिनिटे मळावे. ताणायचे, दुमडायचे, पुन्हा ताणायचे. झाले की नाही ते कसे ओळखावे? लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूच ताणावा. न फाटता पलीकडचा उजेड दिसेल असा पातळ पापुद्रा झाला तर मळणे पुरे. लगेच फाटला तर आणखी मळा.

मग तेलाचा हात लावून, ओला पंचा झाकून ठेवावे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाऊण ते एक तास पुरतो, डिसेंबर-जानेवारीत दीड-दोन तास लागतात. पण सासूबाई म्हणतात तेच खरे, पीठ बघायचे. दुप्पट झाले की बोट पिठात बुडवून पहा. खळगा हळूहळू अर्धा भरला तर तयार. झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. भरलाच नाही आणि पीठच खाली बसले, तर उशीर झाला.

हलक्या हाताने हवा काढून सोळा सारखे गोळे करावे, एकेक साधारण ५५ ग्रॅमचा. तळहाताखाली फिरवून वरचा भाग गुळगुळीत व ताणलेला करावा, सुरकुती खाली जावी. लोणी लावलेल्या नऊ इंची चौकोनी डब्यात चार-चारच्या ओळी मांडाव्या. मध्ये थोडी जागा सोडावी. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि तीच लादी होते. बाजू मऊ राहतात त्या ह्या टेकण्यामुळे. आणखी अर्धा-पाऊण तास झाकून ठेवावे. मग वरून दुधाचा हात फिरवून भाजावे.

भट्टी तापलेली हवी, १८० अंश, वीस ते बावीस मिनिटे. ज्यांच्याकडे विजेची भट्टी नाही त्यांनी जाड बुडाचे जुने पातेले घ्यावे, तळाशी मिठाचा थर, त्यावर तिवई, वर घट्ट झाकण. दहा मिनिटे तापवून आत आठ इंची गोल डबा ठेवावा आणि मध्यमहून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे भाजावे. त्यात अर्ध्या मापाचे आठ पाव होतात. चांगला कुकर ह्या कामी वापरू नका, कोरडा तापून तो खराब होतो. पातेल्यातला पाव वरून लाल होत नाही, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. हवा असल्यास तव्यावर लोणी टाकून उलटा शेकावा.

भट्टीतून काढल्याबरोबर, गरम असतानाच, वरून लोणी लावावे आणि कापड झाकून दहा मिनिटे ठेवावे. आतली वाफ कापडाखाली वरच्या कडेला नरम करते. हे झाकणे विसरलात तर पाव कडक होतो आणि मग बिचाऱ्या मैद्याला नावे ठेवली जातात. तेव्हा हे शेवटचे काम सोडू नका.

मैदा रोज पोटात जाणे बरे नव्हे, हे डॉक्टरीणबाईंच्या समोर मीच सांगून टाकते. मी तीन भागांत एक भाग गव्हाची कणीक घालते; दूध थोडे जास्त लागते आणि पाव किंचित जड होतो, पण चव खमंग येते. घरच्या पावात काय घातले हे आपल्याला ठाऊक असते, हा मोठा लाभ. पूर्वी पाव फुलावा म्हणून काही ठिकाणी पोटॅशियम ब्रोमेट नावाचे द्रव्य घालीत. ते अपायकारक म्हणून २०१६ मध्ये आपल्या देशात त्यावर बंदी आली. आपल्या पावाला अशा कशाची गरज नाही. तो दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी भाभींचे सेयल डबल करावे.

आता शेवटचा मुद्दा. तो सांगू की नको असा मला प्रश्न होता, पण वर्धापनदिनी खरे बोलावे.

त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या ह्यांचे काम पूर्ववत झाले नव्हते. शेजारच्या एका वहिनींनी माझ्याकडून दोन लाद्या करून घेतल्या आणि नोटा घडी करून माझ्या हातात ठेवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेजारणीकडून खाण्याचे पैसे घ्यावयाचे? मी नोटा परत करीत होते, तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला, "दळणाचे पैसे देतेस, शिलाईचे देतेस, मग तुझ्या हाताचं का नको?" मी पैसे ठेवून घेतले. त्या दिवसापासून शनिवारी पावाची मागणी घेऊ लागले. अन्नाचा लहानसा धंदा केला तरी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, तीही लेकीने फॉर्म भरून काढून दिली. सुरुवातीला पातेल्यावर, मग साठवलेल्या पैशातून लहान भट्टी घेतली. लेकीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पुस्तके ह्या पावांवर आली. आता हिशेबाची वही तिच्याकडे आहे. ती अक्षर चांगले काढते, उधारीही चांगली लक्षात ठेवते!

तुम्ही हसलात, पण उधारीचेच मला सांगावयाचे आहे. कोणी म्हणते, "घरी बसूनच तर करता, मग इतके कशाला?" कोणी म्हणते, "स्टेशनवर याच्या अर्ध्यात मिळतो." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. स्टेशनवरचा स्वस्तच आहे, आणि पहाटे भट्टीपुढे उभे राहणाऱ्या त्या कारागिरांचे कौतुक मला तुमच्याहून जास्त आहे. पण माझ्या सोळा पावांचा हिशेब ऐका. मैदा, दूध, लोणी, साखर, यीस्ट आणि वीज मिळून शंभर रुपयांच्या आसपास जातात, त्यात लोण्याचाच वाटा मोठा. तेव्हा घरचा पाव स्वस्त पडतो असे मी कोणाला सांगणार नाही. त्यावर तासभर हाताचे काम आणि तीन तास राखण. तीन तास मी घरीच असते हे खरे, पण पिठाला सोडून कुठे जाता येत नाही. मी सोळा पावांचे १६० रुपये घेते. ते जास्त वाटत असतील तर आनंदाने स्टेशनवरचा घ्यावा, किंवा त्याहून चांगले, माझ्याकडून शिकून घरी करावा. पण घेऊन मग महिनाभर दारावरून नजर चुकवून जाऊ नये. मला पैशापेक्षा त्या नजर चुकवण्याचे वाईट वाटते. आपल्या मंडळात लोकरीचे विणणाऱ्या आहेत, पापड-कुरडया करणाऱ्या आहेत, त्यांनाही हेच वाटत असेल. फक्त त्या बोलत नाहीत. बाईच्या हाताला किंमत नाही म्हणून आपण भाषणांतून पुरुषांना बोल लावतो. तो बोल कधी कधी आपल्या दारीही येतो.

सासूबाई आता पंच्याऐंशीला टेकल्या आहेत. पाव खातात का असे तुम्ही विचाराल. वर्षभर त्यांनी खाल्ला नाही. पिठाला बोट लावून पाहायच्या, "झालं," म्हणायच्या आणि आपली भाकरी घेऊन बसायच्या. मग एकदा दाढ दुखू लागली, तेव्हा चहात बुडवून एक खाल्ला. मी दारातून पाहत होते. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "मऊ आहे. पण भाकरीची सर नाही." मी म्हटले, "नसू दे." हल्ली शनिवारी एक पाव त्यांच्यासाठी बाजूला काढलेला असतो आणि तो कुठे आहे हे त्यांना बरोबर ठाऊक असते.

भगिनींनो, सातवी शिकले ह्याची मला लाज वाटत असे. अजूनही इंग्रजी डब्यावरची अक्षरे लेकीकडून वाचून घेते, आणि वाचता आले असते तर बरे झाले असते असेच म्हणते. म्हणून आपल्या मुली-नातींना शाळेतून काढू नका, हे हात जोडून सांगते. पण शाळेबाहेरचेही ज्ञान आपल्या घरात आंबोळीच्या पातेल्याशी, दह्याच्या विरजणाशी बसलेले आहे. ते म्हाताऱ्या माणसांना विचारावे. मी विचारले नव्हते, म्हणून माझे दोन घाणे वाया गेले.

येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता मंडळाच्या खोलीत मी पाव करून दाखवणार आहे. येताना प्रत्येकीने पाव किलो मैदा, एक वाटी दूध आणि एक पंचा आणावा. यीस्ट मी देईन, संभालके वापरना! शिकवण्याचे पैसे नाहीत. ते मंडळाचे आणि माझे देणेघेणे आहे.